सातबाऱ्यावरचा बोजा

सातारचे रेल्वे स्टेशन शहरात नाही. ते गावापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे. तिथून सांगलीकडे निघालेली गाडी कृष्णेची संगत फारशी सोडत नाही. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, माधवनगर अशी स्टेशने जातात. डोंगर मागे सरकतात, जोंधळ्याची जागा ऊस घेतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. यातली बरीच नावे 1943 ते 1946 या तीन वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. त्या काळात हा सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता आणि अधूनमधून औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे होते. त्याचा दक्षिण भाग 1949 मध्ये वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच पट्ट्यात उभे राहिले. गोऱ्या सरकारच्या दप्तरी ते चालवणारे लोक दरोडेखोर आणि गुंड होते. आज त्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत आणि साखर कारखान्यांना त्यांची नावे आहेत. या वाटेने जाताना मला जो प्रश्न सोडवायचा आहे तो एवढाच: शिक्का बदलला तो केवळ शिक्का मारणारा हात बदलला म्हणून, की दरोडेखोर आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्यात असा काही फरक आहे, जो कोणाचेही राज्य असले तरी तसाच राहतो?

एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक, हे वाक्य आता चर्चेत इतक्या सहज फेकले जाते की ते उत्तर आहे असेच वाटू लागते. प्रत्यक्षात ते उत्तर टाळण्याची सोय आहे. माणसाला कोणते नाव मिळते हे सत्तेवर अवलंबून असते, एवढे खरे. पण नाव सत्तेवर अवलंबून आहे म्हणून कृत्याचे मोजमापही सत्तेवरच अवलंबून आहे, असे होत नाही. माझे म्हणणे असे की न्याय माणसाचा नव्हे, कृत्याचा करावा, आणि करताना दोन गोष्टी विचाराव्यात. निशाण्यावर कोण होते? आणि हात उचलणारा कोणाला जाब देणे लागत होता? ध्येय किती पवित्र होते, हत्यार बॉम्ब होते की काठी, अंगावर वर्दी होती की नाही, हे प्रश्न यानंतरचे.

वर्दीचा प्रश्न साताऱ्यातच निकालात निघतो. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंतींचे स्मारक आहे आणि शहरात गेंडामाळ आहे. छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीने पदच्युत केल्यावर त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे अर्ज, भेटी, सभा करत राहिले. हाती काही न लागता ते 1853 च्या सुमारास परतले. त्यानंतर 1857 चा कट झाला आणि तो फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडामाळावर 17 जणांना मारण्यात आले, काहींना फाशी देऊन, काहींना गोळ्या घालून, काहींना तोफेच्या तोंडी बांधून. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. रंगो बापूजी स्वतः मात्र कधीच सापडले नाहीत. माणूस मारायला फाशी पुरते. तोफेच्या तोंडी देणे हे मरणाऱ्यासाठी नसते, बघणाऱ्यासाठी असते. पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा यावा आणि पुन्हा कोणाची मान वर होऊ नये, यासाठी केलेले ते जाहीर प्रदर्शन होते. दहशतवाद या शब्दाला काही अर्थ असेल, तर सरकारी हुकमाने आणि कवायती फौजेने केलेले हे कृत्य त्यातून सुटू शकत नाही. ज्या व्याख्येतून राज्यकर्ता आधीच बाहेर ठेवलेला असतो, ती व्याख्या राज्यकर्त्याच्या सोयीची असते.

कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. तिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. बेचाळीसच्या साली ते भूमिगत होते आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झाले. कराडच्या पुढचे स्टेशन शेणोली. 7 जून 1943 रोजी या भागात प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या तरुणांनी रुळांवर दगड रचून गाडी अडवली. ती रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची गाडी होती. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि ज्यांना सगळे कॅप्टन भाऊ म्हणत ते रामचंद्र श्रीपती लाड या हल्ल्यात पुढे होते. हाती विळे, काठ्या आणि थोडेफार गावठी बॉम्ब. एकोणीस हजारांच्या आसपास रक्कम मिळाली. कॅप्टन भाऊ 2022 मध्ये वारले. पिकल्या वयातही या घटनेला कोणी लूट म्हटले की ते शब्द दुरुस्त करत: इंग्रजांनी इथल्या लोकांकडून चोरलेला पैसा आपण परत आणला, असा त्यांचा दावा होता. हा दावा वकिली थाटाचा वाटेल. पण शब्दाबद्दलचा तो आग्रह पोकळ नव्हता, कारण त्यामागे निशाण्याची निवड होती. गाडी अडवली ती तिजोरीसाठी. गाडीतला माणूस मारणे हा बेताचा भागच नव्हता.

याच सातारा जिल्ह्यात, जावळीच्या डोंगरात, केडंबे नावाचे गाव आहे. मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे तिथले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ हल्लेखोर कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 58 माणसे मेली होती. शेणोली आणि सीएसटी, दोन्ही ठिकाणी लोहमार्ग, दोन्ही ठिकाणी हत्यारबंद टोळी, दोन्हीकडे सरकार हा शत्रू असल्याची घोषणा. फरक कुठे आहे? सीएसटीवर मेलेल्यांची नावे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. बॅगांवर डोके टेकून गाडीची वाट बघणारा कोणीही चालणार होता. बळी कोणीही असू शकतो, ही तिथे झालेली चूक नव्हती, ती योजना होती. ज्याचा गुन्हा म्हणजे फक्त त्या जागी असणे, त्याला ठरवून मारायचे आणि त्याच्या मरणाचा निरोप तिसऱ्याच्या दारी पोचवायचा, हा दहशतवादाचा गाभा. शेणोलीत तो नाही.

यावर पहिली हरकत अशी की निशाणा आणि परिणाम यांत अंतर पडते, आणि मेलेल्याला हेतूचे काय? हरकत खरी आहे. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांचा बॉम्ब मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्डसाठी होता. तो पडला दुसऱ्याच गाडीवर, आणि केनेडी आडनावाच्या दोन स्त्रिया मेल्या. त्या बॉम्बवर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांपायी टिळकांना सहा वर्षे मंडालेला काढावी लागली. बॉम्ब समर्थनीय नाही, पण तो दडपशाहीतून जन्मतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. कारण सांगणे आणि क्षमा करणे यांतली रेघ सरकारने तेव्हा पुसली. आज आपणही ती अनेकदा पुसतो. हेतूने कृत्याची जात बदलते, हे मी मान्य करतो. खुदीराम आणि कसाब एका रांगेत बसत नाहीत. पण हेतूने जबाबदारी मावळत नाही. ज्या हत्याराने चुकीचा माणूस मरण्याची शक्यता मोठी आहे, ते हातात घेणाऱ्याने त्या शक्यतेचे ओझेही उचललेले असते. हे ओझे स्वीकारणारा आणि ‘लढाईत असे चालायचेच’ म्हणून झटकणारा, यांच्यात मला फरक दिसतो.

दुसरी हरकत अधिक जोरकस आहे. दुबळ्याला निवड कुठे असते? ज्याच्याकडे तोफा आहेत तो निशाणा निवडू शकतो. ज्याच्याकडे विळा आहे त्याने मिळेल तिथे वार करावा, असा हा युक्तिवाद. शेणोलीचे रूळ हेच त्याला उत्तर आहे. विळे आणि काठ्या घेऊन आलेल्यांनी निशाणा निवडला होता. पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, याच मंडळींनी धुळे भागातल्या लोकांच्या साथीने चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम नेली, तेव्हाही निवडला होता. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांच्याबद्दल सांगतात की पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचा बनाव करून त्यांनी पोलिसांना बाहेर गुंतवले आणि सहकाऱ्यांनी आतली हत्यारे उचलली. साधने तोकडी असली की डोके जास्त चालवावे लागते, निशाणा सोडून द्यावा लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांनी 1964 च्या खटल्यात हेच सांगितले होते: सशस्त्र मार्गांत घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती असे चार पर्याय समोर होते, आणि मनुष्यहानी टाळता यावी म्हणून आधी घातपात निवडला. आंतरराष्ट्रीय कायद्याचीही हीच दिशा आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पुरवणीने वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यांना युद्धाचा दर्जा दिला, पण नागरिकांना निशाणा न करण्याचे बंधन दोन्ही बाजूंवर सारखेच ठेवले. कारण न्याय्य असले तरी वाट मोकळी सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

गाडी किर्लोस्करवाडीला पोचते आणि तिथून कुंडल जवळच आहे. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 च्या सुमारास प्रजेला स्वराज्य देऊन टाकले होते, आणि इंग्रजी हद्दीत वॉरंट निघालेल्यांना संस्थानी हद्दीचा आडोसा मिळत होता. कुंडल, वाळवा, येडे मच्छिंद्र ही प्रतिसरकारची घरे. किती गावांत हा कारभार चालला याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत वेगवेगळे सांगतात. कारभार मात्र होता, हे नक्की. न्यायदान मंडळे जमिनीचे, कर्जाचे, नांदण्याचे तंटे सोडवत. हुंडा आणि मानपानाला फाटा देऊन गांधी-विवाह लावले जात. दारूला बंदी होती, वाचनालये निघाली होती. कोर्टाच्या खेपा आणि वकिलांची फी वाचल्याने अनेकांना हे सरकार खऱ्या सरकारहून जवळचे वाटले. इथेच माझा दुसरा प्रश्न उभा राहतो. जो स्वतःला सरकार म्हणवतो, त्याने सरकारची जबाबदारी पत्करलेली असते. मग त्याला सरकारच्याच मापाने मोजावे लागते. ‘आम्ही बंडखोर होतो’ ही सबब त्याला राहत नाही.

आणि म्हणून ‘पत्री’ टाळून पुढे जाता येत नाही. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणू लागले ते पायावर दिल्या जाणाऱ्या शिक्षेमुळे. खरोखर खिळे ठोकले जात, असे सरकारी प्रचार सांगे आणि गावगप्पाही सांगत. चळवळीतल्या अनेकांनी ते नाकारले आणि तळव्यांवर काठ्यांचे फटके मारत असे सांगितले, इतके की माणसाला काही दिवस उभे राहता येऊ नये. शिक्षा गावगुंडांना होत, बायकांची अब्रू घेणाऱ्यांना होत, दरोडेखोरांना आणि खबऱ्यांना होत. काही खबऱ्यांचे जीवही गेले. या मुलखात आजही अभिमानाने सांगितले जाते की त्यांनी गुंडांवर दहशत बसवली. आपल्या भाषेत ‘दहशत’ हा नेहमीच वाईट शब्द नसतो. हेडमास्तरांची दहशत असते, कडक फौजदाराची असते. पण शब्द लाडका असला म्हणून प्रश्न मिटत नाही. फटके बसले त्याला अपील कुठे होते? खबऱ्या ठरवला गेला तो खरोखर फितूर होता, की भाऊबंदकीत कोणी त्याचे नाव घेतले होते? पोलिसांच्या माराने तोंड उघडलेला आणि बक्षिसासाठी उघडलेला, यांच्यात फरक केला गेला का?

गांधींचा आक्षेप इथे नीट वाचायला हवा. तुरुंगातून सुटल्यावर 1944 च्या पावसाळ्यात ते काही दिवस पाचगणीला होते, म्हणजे याच जिल्ह्याच्या डोक्यावर. त्याच सुमारास त्यांनी भूमिगतांना उघडे होण्याचा सल्ला दिला. साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. गांधींचा विरोध फक्त हिंसेला होता, असे आपण समजतो. त्यांचा विरोध गुप्ततेलाही तितकाच होता. हिंसेबाबत साताऱ्याची बाजू मला काही प्रमाणात पटते: वडूजला 9 सप्टेंबर 1942 रोजी हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती गोळीबारात पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पंड्या आणि बारपटे पडले. मोर्चा काढला की गोळी येते, हे दिसल्यावर त्याच वाटेने पुन्हा चला, असे दुसऱ्याला सांगणे सोपे नाही. गुप्ततेबाबत मात्र गांधींचे म्हणणे भक्कम आहे. रात्री बसणाऱ्या न्यायालयाला चूक दुरुस्त करता येत नाही, कारण चूक झाली हे म्हणायला कोणी उजेडात येऊ शकत नाही. भूमिगतांना पर्याय नव्हता, हे खरे. पण पर्याय नसल्यामुळे केलेला न्यायनिवाडा आणि योग्य न्यायनिवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यायमंडळे तमिळ वाघांनीही चालवली होती, मग त्यांनाही सूट द्यायची का, असे कोणी विचारेल. नाही. न्यायमंडळ असणे हा पुरावा नव्हे, हत्यार खाली ठेवता येणे हा पुरावा. सांगलीत गणेशदुर्गाच्या तटाजवळ उभे राहिले की तो दिसतो. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी इथल्या तुरुंगातून तट ओलांडून पळाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले. जखमी वसंतदादा पकडले गेले. तेच वसंतदादा पुढे मतपेटीतून आले आणि मुख्यमंत्री झाले. 1946 मध्ये मुंबईत लोकनियुक्त सरकार आले, वॉरंटे उठली आणि भूमिगत उघडे झाले. नाना पाटील काँग्रेसच्या बाहेर गेले, शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात, आणि 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे जुने सहकारी सत्तेत होते आणि ते विरोधात. तरी प्रतिसरकार पुन्हा उभे राहिले नाही. मतदाराने नाकारले तर घरी बसायची ज्याची तयारी आहे, त्याने काल शस्त्र का उचलले होते, याचा अर्थ मागे वळून लावता येतो.

हीच माती उलटी साक्षही देते. जानेवारी 1948 मध्ये गांधींचा खून झाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जळाली. ती जाळपोळ प्रतिसरकारच्या खात्यावर टाकण्याचा माझा हेतू नाही. पण निशाणा कृत्यावरून जन्मावर सरकला की काय होते, हे त्यातून कळते. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलखात खबऱ्याला निदान ‘तू काय केलेस’ असे विचारले जात होते, तिथे जमावाने फक्त आडनाव विचारले. त्याला आज कोणी लढा म्हणत नाही. म्हणजे आपल्या मनाला फरक कळतो. आपण तो आपल्या माणसांना लावायला कचरतो, इतकेच.

हे कचरणे अनाठायी आहे. दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोगाने 1998 मध्ये अहवाल दिला. वर्णद्वेषाविरुद्धचा लढा न्याय्य होता, पण त्या लढ्यात मंडेलांच्या पक्षाकडूनही मानवी हक्कांचे गंभीर भंग झाले, असे त्यात म्हटले होते. पक्षाने तो अहवाल रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने ती मागणी फेटाळली. त्या नोंदीमुळे मंडेलांचा लढा कोणी चोरांचा ठरवला नाही. उलट वर्णद्वेषी राजवटीवरचा ठपका अधिक खरा वाटला, कारण ठपका ठेवणाऱ्याने स्वतःचे माप वेगळे ठेवले नव्हते. आपल्याकडे शेणोलीला स्मारक आहे, वाळव्यात किसन अहिर यांच्या नावाचा कारखाना आहे. 25 फेब्रुवारी 1946 ला ते मणदूरला पोलिसांशी लढताना पडले. हे सारे असायलाच हवे. पण पत्री बसलेल्यांची, चुकून फितूर ठरलेल्यांची बाजू कोणत्याही दगडावर नाही, आणि ती विचारली की लढ्याचा अपमान झाला असे मानले जाते.

नाना पाटील चळवळीत येण्याआधी तलाठी होते. या मुलखातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सातबारा वाचता येतो. वर मालकाचे नाव असते आणि बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. सोसायटीचे कर्ज, गहाण, कुळाचा दावा, जो काही बोजा असेल तो तिथे चढतो. बोजा चढला म्हणून मालकाचे नाव कोणी खोडत नाही, आणि मालक मोठा माणूस आहे म्हणून बोजा लपवला तर तो उतारा खोटा ठरतो. दहशतवादी की स्वातंत्र्यसैनिक, या वादात एका बाजूला सातबारा कोरा हवा आहे आणि दुसरीला बोजा दाखवून मालकीच रद्द करायची आहे. सातारा-सांगलीच्या या जमिनीवर प्रतिसरकारची मालकी मी मान्य करतो. निशाणा निवडून आणि शेवटी शस्त्र ठेवून त्यांनी ती कमावली आहे. आता ‘इतर हक्क’ हा रकाना भरायचा राहिला आहे. गावोगावच्या नोंदी ठेवण्याचे ज्याचे एके काळी कामच होते, त्या माणसाच्या लढ्याला तरी अर्धा उतारा शोभत नाही.